बेळगाव-खानापूर पट्ट्यातली एमटीबी (माउंटन बाइक): सायकल कोणती आणि डांबर सोडून कुठं जाता?

टिळकवाडीकर

रविवारी पहाटे काँग्रेस रोडला पाच मिनिटं थांबलं तरी हेल्मेटवाल्यांची रांग दिसते. पण जवळपास सगळे हायवेलाच लागतात. हत्तरगी नाहीतर कित्तूर गाठायचं, चहा घ्यायचा, परत. त्यांतल्या निम्म्यांकडे एमटीबी आहे, आणि तिच्या टायरला माती बहुधा घराच्या गेटपाशीच लागत असावी. माझा प्रश्न उरलेल्यांना आहे. जे पाणंदीत, माळावर, मुरमाच्या वाटेवर घुसतात, त्यांनी इथं लिहा.

सुरुवात मी करतो. ट्रेक मार्लिन ५, चाक २९ इंची, गिअर २×८ (पुढं दोन चक्रं, मागं आठ), हायड्रॉलिक डिस्क, पुढं १०० मिमीचा स्प्रिंग फोर्क (पुढच्या चाकाचा दणके झेलणारा चिमटा). बरोबर आलेले टायर काढून मागं २.२, पुढं २.२५ इंच रुंदीचे घातलेत. नेहमीची वाट येळ्ळूर, राजहंसगड. गडापर्यंत डांबर आहे, पण खरी मजा पायथ्याच्या गाडीवाटांत. नंदिहळ्ळी आणि देसूरच्या बाजूला शिवारातून कुठूनही कुठंही निघता येतं. गडावर महाराजांचा पुतळा झाल्यापासून (मार्च २०२३) सुट्टीच्या दिवशी चढाला मोटारींची रांग असते, म्हणून मी उजाडायच्या आत वर जाऊन येतो.

एक विनंती. 'माझी कंपनी भारी की तुझी' हा वाद दुसरीकडे घाला. टायर, गिअर आणि वाट सांगा.

लेथवाला_उद्यमबाग

चांगला धागा काढलासा. माझी जुनी २६ इंची फायरफॉक्स. फ्रेम तेवढी मूळची, बाकी सगळं मी बदललो.

गिअरचा विषय निघालाय म्हणून हिशोब मांडतो, कारण दुकानात सगळे '२१ गिअर, २७ गिअर' एवढंच विचारालेत. चढाला एकच गिअर कामाचा, सगळ्यात हलका. एंट्री लेव्हल सायकलीला पुढं ४२-३४-२४ दात्यांची चक्रं आणि मागं १४ ते २८ दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच) येतंय. २४ ला २८, म्हणजे पॅडलच्या एका फेरीला २७.५ चं चाक साधारण १.९ मीटर जातंय. मिनिटाला ६० फेऱ्या मारलासा तर ताशी ६.८ किमी. राजहंसगडाच्या शेवटच्या वळणांवर एवढा वेग धरणारे पाय कमीच, मग उतरून ढकलायचं.

तेच मागं १४-३४ चं फ्रीव्हील घाला. एका फेरीला १.५५ मीटर, ताशी ५.६. महागड्या १×११ ला पुढं ३२, मागं ५१ असतंय. तिथं २९ चं चाक १.४४ मीटर जातंय, ताशी ५.२. म्हणजे हजाराच्या आसपासच्या फ्रीव्हीलनं तुम्ही त्या सायकलीच्या जवळ गेलासा. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दाते उचलणारा हवा, शिमानोच्या स्वस्त टर्नीतलाच लांब पिंजऱ्याचा चालतो. चेन थोडी लांब करावी लागते. जुन्याच लांबीवर ठेवून मोठ्या-मोठ्यावर (पुढचं मोठं, मागचंही मोठं चक्र) टाकलासा की डिरेलर ताणून फाटतो.

पश्चिमवारा

माझी मेरिडा बिग नाईन. वाट वेंगुर्ला रोडची: हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, शिनोळी, तिथून देवरवाडी. वैजनाथाच्या देवळापासून पुढं महिपाळगडाचा चढ. देऊळ जुनं, दगडी, शेजारी आरोग्य भवानी. उन्हाळ्यातही सकाळी गार असतं. शिनोळीच्या आसपास कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो, ते पाटी वाचायच्या आधी बुडाखालच्या खड्ड्यांच्या आकारावरून कळतं. कुठल्या बाजूचे खड्डे मोठे ते सांगत नाही, धाग्याला कुलूप लागेल.

डांबर सोडायचं असेल तर महिपाळगडाच्या पठारावर. जांभ्याचा कातळ, वर सुटी लाल खडी. कातळ सुका असला की टायर असा धरतो की वाटेल तिथं वळा. खडी लागली की मात्र गोट्यांवरून चालल्यागत होतं, आणि पुढचा ब्रेक दाबला की खेळ खलास. तिथं वेग आधी मोडायचा, वळणात ब्रेकला हात नाही.

शहापूरचा_पेठकर

सुळगा म्हणजे कुठला ते लिहीत चला ओ. एक हिंडलग्याचा, एक येळ्ळूरचा. मागं आमच्यातला एकजण येळ्ळूरच्या सुळग्यात जाऊन उचगाव फाटा विचारत होता.

बेळगुंदीचं_शिवार

मी सायकलवाला नाही, शेतकरी आहे. घरात पोराची सायकल आहे, गिअरची, ती कधीमधी मळ्यात नेतो. धागा वाचलो आणि राहवलं नाही.

तुम्ही लोक राकसकोप बघायला येतासा, बेळगुंदी, सोनोली, यळेबैलच्या शिवारात फिरतासा, त्याला कोण नको म्हणत नाही. खरं जून-जुलैत बांधावर सायकल घालू नका. रोप लावणीच्या वेळी बांध मऊ असतोय. त्यावर चाकाची चर पडली की तिथनं पाणी झिरपायला लागतंय, आणि रात्री जोराचा पाऊस झाला की बांध तिथंच फुटतोय. वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्यात. खत गेलं, रोप गेलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या भावकीतला एक वाफा असाच गेला. चर बघितलो, जाड टायरची नक्षी स्पष्ट उमटलेली. कोण होता ते माहीत नाही, त्याला वाईट वाटावं म्हणूनही लिहीत नाही. त्याला ठाऊकच नसेल.

दुसरं, माळ. लांबनं रिकामा दिसतोय म्हणून आत येतासा. तिथं रताळ्याचे वरंबे असतात, वेल पसरलेले. नवरात्राच्या तोंडावर काढणी, तोपर्यंत त्यात पाय नको, चाक तर नकोच.

सुगी झाली, मळणी झाली की या. डिसेंबरपासून मेपर्यंत शिवार मोकळं, कुठनंही जावा. आणि पाणंद बाराही महिने सगळ्यांची, तिथं कोण अडवणार नाही. बैलगाडी समोरनं आली तर तेवढं थांबा. बैल सायकलीच्या उजेडाला बुजतोय, विशेषतः ती लुकलुकणारी बत्ती. ती बंद करा.

टिळकवाडीकर

दादा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. तुमचा प्रतिसाद वरती चिकटवून ठेवावा, अशी संपादकांना विनंती करतोय.

पश्चिमवारा

+१. बत्तीचं मला नवीन होतं.

खानापूरची_पोर

माझ्याकडे रॉकरायडर आहे, २७.५ इंच, ३×७, तारेचे ब्रेक. फ्रेम एस. हे मुद्दाम लिहिते, कारण मला एम साईज गळ्यात मारायला निघाले होते. 'सीट खाली करून देतो मॅडम' म्हणे. सीट खाली केल्यानं हँडल जवळ येत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. एम घेतली असती तर मान आणि तळहात दोन्ही गेले असते. सायकल दोन पायांत धरून सपाट जमिनीवर उभं राहायचं, वरच्या नळीपासून दोन-तीन इंच मोकळी जागा हवी. नसेल तर दुकानातून बाहेर पडायचं, सूट कितीही देऊ देत.

माझी वाट असोगा. मलप्रभेच्या काठानं, रेल्वेलाईनच्या बाजूबाजूनं, पुढं शिवारात. लांबची वाट जांबोटीकडची: कुसमळी, जांबोटी, वेळ असेल तर कणकुंबी. मलप्रभेचा उगम कणकुंबीत, माउलीच्या देवळाजवळ. तो चोर्ल्याचा रस्ता डांबरी असला तरी गोव्याच्या गाड्यांमुळे सुट्टीला नको वाटतो, म्हणून मी गावागावांतल्या आतल्या वाटा धरते.

बाईमाणसानं एकटं जावं का, असं व्यनित (खाजगी निरोपात) विचारतात. मी जाते. गावातल्या बायका रानात निघालेल्या असतात त्याच वेळेला निघते, त्यामुळे वाटेवर कायम कोणी ना कोणी असतं. माणसाची भीती मला फारशी वाटली नाही. कुत्री आणि अस्वल, या दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. कुत्रं मागं लागलं की उतरून सायकल मध्ये धरायची आणि चालायला लागायचं. पळणारं चाक दिसेनासं झालं की त्याचा रस संपतो. अस्वलाला असला उपाय नाही. उजाडायच्या आधी आणि दिवस मावळल्यावर रानाच्या कडेला जायचं नाही, बस.

ट्रेलशोधक

खानापूरचा विषय निघालाच आहे तर, हेमाडग्याच्या पुढं तळेवाडी-गवाळीकडे जंगलातून जबरदस्त सिंगल ट्रॅक आहेत म्हणतात. कोणाकडे जीपीएस ट्रॅक आहे का? पाच-सहा जणांचा ग्रुप घेऊन जायचा विचार आहे. बॅटरी चांगली असेल तर रात्रीची राईडही करता येईल.

खानापूरची_पोर

नाही. आणि असला तरी देणार नाही.

ते भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय आत फिरणं गुन्हा आहे, मग सायकल असो की पायी. तिथल्या गावच्या लोकांना आपल्याच घरी जाताना नाक्यावर थांबावं लागतं, आजारी माणूस खाटेवर घालून चिखलातनं आणावा लागतो, आणि आपण तिथं रात्री बत्त्या लावून मजा करायला जायचं? गवे, अस्वलं, बिबटे आहेत ते वेगळंच. वनखात्याच्या कचेरीत जाऊन रीतसर विचारा. ते सांगतील तेवढं, सांगतील तेव्हा.

शहापूरचा_पेठकर

बिबट्यासाठी तेवढं लांब कशाला? २०२२ च्या ऑगस्टात इथंच गोल्फ कोर्सात येऊन बसला होता की. आसपासच्या शाळांना सुट्ट्या, अख्खं बेळगाव त्याच्या मागं, आणि गडी शेवटपर्यंत सापडला नाही.

अवांतर: कॅम्प भागात, रेंजच्या बाजूला मोकळी जागा दिसली म्हणून सायकल घालू नका. लष्कराची हद्द आहे, पाटी वाचा.

ट्रेलशोधक

बरं, कळलं. विचारून जाईन. पण मग सिंगल ट्रॅक म्हणावा असा आपल्याकडे कुठं आहेच की नाही?

पश्चिमवारा

आहे की, नाव 'पायवाट'. राकसकोपकडून तुडयेच्या अंगानं, किणयेच्या वरच्या अंगाला, बैलूरच्या बाजूला. बैलूरकडे मार्कंडेय उगम पावते, चढउतार भरपूर. गावात कोणालाही विचारा, गुरं कुठनं नेता म्हणून. गुरांची वाट ही सायकलीची सगळ्यात चांगली वाट. जनावर उगाच उभा चढ चढत नाही, तिरकं तिरकं जातं, त्यामुळे वाटेला चढाची तीव्रता बेताची राहते. सरळ वर जाणारी वाट दिसली तर ती माणसाची समजा, तिथं ढकलायची तयारी ठेवा.

निपाणीकर_तंबाखू

तुमची लाल माती, आमची काळी. पश्चिमेकडच्या लोकांनी निपाणी-चिक्कोडीच्या शिवारात पावसाळ्यात एकदा यावंच. पन्नास पावलांत चाक जाम. माती टायरवरून फोर्कपर्यंत, तिथून ब्रेकपर्यंत भरते, मग सायकल उचलायची, आणि ती उचलताना लक्षात येतं की वजन दुप्पट झालंय. टायर कितीही खणखणीत गोट्यांचा घ्या, फरक पडत नाही. उलट रुंद टायर असला की फ्रेमला फट कमी उरते आणि लवकर अडकतं. म्हणून मी मागं २.१ च्या वर जात नाही. जून ते ऑक्टोबर स्तवनिधी, तवंदीच्या टेकडीवर, कारण तिथं मुरूम आहे, पाणी निचरतं. उसाचा हंगाम सुरू झाला की डांबरही नको. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं बत्ती नाही, वर गाण्यांचा दणदणाट. तो तुमची घंटा ऐकणार नाही.

आता खरा शत्रू. सराटे! पावसाळा सरला की माळावर, वाटेच्या कडेला सराट्याचा वेल वाळतो आणि काटे सगळीकडे. चाक कसंही पडो, एक टोक वर असतंच. एका चाकातून सात काढलेले आहेत मी, तेही गावाच्या वेशीपर्यंत पोचायच्या आत. जाड ट्यूब घातली, आत पट्टी घातली, शेवटी ट्यूबलेस केलं आणि विषय संपला. सायकल पॉलिगॉन एक्स्ट्राडा, पुढं एक, मागं अकरा. ट्यूबलेस केल्यावर हवा २२ ते २५ पीएसआय ठेवतो (वजन माझं ७० च्या आसपास). ट्यूब असताना ३० ठेवायचो, त्याखाली गेलं की दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडायची.

ट्यूबलेसवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) आमच्या उन्हाळ्यात तीन-चार महिन्यांत वाळतं. काटा उपसला आणि शिट्टी थांबली नाही तर समजा आत नुसत्या साली राहिल्यात. तरी एक ट्यूब बरोबर असूच दे. ती घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून सगळे काटे काढा, जपून, कारण बोटात शिरलेला सराटा रात्री आठवण करून देतो.

घटप्रभा_काठ

गोकाककडून. आमच्याकडे ना लाल ना काळी, नुसता दगड. धबधब्याच्या आसपासच्या टेकड्या वालुकाश्माच्या, वर निवडुंग आणि बाभळ. पायऱ्या-पायऱ्यांचा कातळ. स्प्रिंगचा स्वस्त फोर्क इथं उघडा पडतो: पहिला दणका घेतो, दुसऱ्या दणक्याच्या वेळी अजून वर यायचा असतो. माझ्या सायकलीच्या फोर्कला नुसता प्रीलोडचा नॉब आहे. तो फिरवून फोर्क मऊ-कडक होतो असं दुकानदार सांगतो, प्रत्यक्षात सुरुवातीला तो किती बसणार एवढंच बदलतं. परत येण्याचा वेग आवरणारा रिबाउंडचा स्क्रू वेगळा असतो आणि तो महागाच्या फोर्कलाच येतो. तोवर दुसरा फोर्क म्हणजे आपले कोपर आणि गुडघे. उतारावर ते आखडून बसू नका.

झुलत्या पुलावर सायकल चालवू नका, आणि पावसाळ्यात धबधब्याच्या कडेचा कातळ शेवाळलेला असतो. ५२ मीटर खाली आहे.

कोथरूडस्थित_बेळगावकर

वाखूसा (वाचनखूण साठवली). दिवाळीत घरी येतोय. हडपसरच्या मित्राची इलेक्ट्रिक एमटीबी आणायचा विचार आहे. महिपाळगड होईल का?

शहापूरचा_पेठकर

होईल. सायकलचा होईल, तुमचा नाही.

लेथवाला_उद्यमबाग

चेष्टा सोडा. त्यांना सांगा, बॅटरी संपली तर २२-२५ किलोचं धूड ढकलायची तयारी ठेवून या. चिखलाच्या दिवसांत आणू नका.

चिखलावरनं आठवलं. राईड झाली की सायकल मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरला नेतासा आणि तो गडी प्रेशरची गन थेट हबवर, बॉटम ब्रॅकेटवर (पॅडलचं बेअरिंग), हेडसेटवर (हँडलचं बेअरिंग) मारतोय. सायकल चकाचक दिसते, आतलं ग्रीस निघून जातंय आणि पाणी आत बसतंय. पंधरा दिवसांत कटकट आवाज, मग म्हणणार कंपनी बोगस. बादली, मग, जुना ब्रश. माती वाळायच्या आधी. डिस्कवर तेलाचा स्प्रे जाऊ देऊ नका, पॅड एकदा तेल प्याला की फेकायचाच.

आणि डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. शिवारातल्या काटक्यांनी सगळ्यात जास्त जातंय ते हेच. काटकी चाकात शिरते, डिरेलर ओढला जातो, हँगर वाकतो नाहीतर तुटतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, बेळगावात मिळेलच असं नाही, ऑनलाइन मागवला तर आठवडा जातोय. म्हणून लोक आमच्याकडं येतात. मी ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियममध्ये करून देतो, एम१० चा एक पिचचा टॅप मारून (आटे पाडून). परवा एकजण आला, 'ईएन८ मध्ये करून द्या, कायमचा टिकेल' म्हणाला. ईएन८ म्हणजे पोलाद. टिकेल की. मग पुढची काटकी शिरली की हँगर तसाच, आणि फ्रेमचा कान फाटलेला. हँगर मऊच हवा, तो तुटायसाठीच केलेला असतोय. त्याला परत पाठवलो.

घटप्रभा_काठ

माझा मागच्याच आठवड्यात वाकलाय. दाबून सरळ केला तर चालेल ना?

लेथवाला_उद्यमबाग

एकदा चालेल, अंदाजानं नको. हँगर सरळ करायचं हत्यार येतं, लांब दांड्याचं. डिरेलर काढून त्याच भोकात बसवायचं आणि रिमभोवती चार जागी अंतर बघायचं. त्याआधी चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या, वाकड्या चाकावरून माप घेतलासा तर हँगरही वाकडाच लागणार. दुसऱ्यांदा वाकला की बदला. ॲल्युमिनियम दोनदा वाकवलेलं तिसऱ्यांदा मोडतंय.

निपाणीकर_तंबाखू

मालक, माझ्यासाठी दोन करून ठेवाल काय? एक सायकलीला, एक सीटखालच्या पिशवीत. हँगरचा फोटो पाठवतो.

बेळगुंदीचं_शिवार

पोराच्या सायकलीलाही तेच झालंय, आत्ता कळलं त्याला काय म्हणतात ते. आमचाही एक धरा.

लेथवाला_उद्यमबाग

फोटोवरनं होत नाही. भोकाच्या मध्यापासून ॲक्सलच्या खाचेपर्यंतचं माप अर्धा मिमी चुकलं तरी गिअर लागत नाही. हँगर काढून घेऊन या, तुटलेला असला तर दोन्ही तुकडे आणा, आणि बरोबर त्याचे छोटे स्क्रूही, ते कुठंच मिळत नाहीत. यायच्या आदल्या दिवशी व्यनि करा, मशीन रिकामी असेल ती वेळ सांगतो.